गाळ कोण काढतं

डिसेंबर 2023 मध्ये आमच्या कॉलेजच्या मूडलची, म्हणजे ऑनलाइन अभ्यास आणि चाचण्यांच्या सॉफ्टवेअरची, राखण संपली. बंद काहीच पडलं नाही. मुलं रोजच्यासारखी लॉगिन करत होती, संख्याशास्त्राच्या सराव चाचण्या सोडवत होती, मी गुण बघत होते. आम्ही वापरत होतो ती 3.9 ही आवृत्ती तेवढी तिच्या शेवटच्या तारखेला पोहोचली होती. यानंतर तिच्यात सुरक्षेचं एखादं भोक सापडलं, तर ते बुजवायला कुणी बसणार नव्हतं. तारीख आधीपासून जाहीर होती. मूडलची प्रत्येक आवृत्ती कधी आली, तिच्यातल्या चुका कधीपर्यंत दुरुस्त होतील आणि सुरक्षेची डागडुजी कधी थांबेल, याचा तक्ता सगळ्यांना खुला असतो. मी तो कधी उघडलाच नव्हता.

मला कळलं ते फेब्रुवारीत, तेही आडवाटेने. सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांची मेल आली, तुमची पीएचपी फार जुनी झाली आहे, बदलून घ्या. मूडल पीएचपी या संगणकाच्या भाषेत लिहिलेलं आहे. आपल्या आवृत्तीला नवी पीएचपी चालेल का ते बघायला गेले आणि त्या तक्त्यासमोर येऊन थांबले. मग लक्षात आलं की साइटची नोंदणी केलेली असली तर ॲडमिनला सुरक्षेची सूचना ईमेलने आधी येते. भोक नेमकं कुठे होतं हे जगाला साधारण आठवड्याने सांगतात, तोवर ज्याने त्याने आपापलं दार लावून घ्यावं म्हणून. आमची नोंदणी होती. तिथला पत्ता मात्र 2020 मध्ये मूडल बसवणाऱ्या सीएचबीवरच्या, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या, मुलाचा होता. तो 2021 मध्ये पुण्याला नोकरीला गेला आणि कॉलेजने त्याचा मेलबॉक्स बंद केला. अडीच वर्षं सांगावा येत होता आणि घ्यायला घरात कुणी नव्हतं.

तो मुलगा मनाचा फार चांगला. जुलै 2020 मध्ये, तासाला मिळणारं मानधनसुद्धा थकलेलं असताना, त्याने तीन दिवसांत सगळं उभं करून दिलं. आमच्याकडची बरीच मुलं साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडच्या पाड्यांवरची. पिंपळनेरच्या पलीकडची एक विद्यार्थिनी रेंजसाठी रोज टेकडी चढायची. व्हिडिओवरचा तास तिला परवडत नव्हता, डेटा दुपारपर्यंत संपून जायचा. मूडलच्या ॲपमध्ये धडा एकदा उतरवून घेतला की रेंज नसतानाही वाचता येतो. शिक्षकाने सोय करून ठेवली असेल तर चाचणीही सोडवता येते आणि फोन रेंजमध्ये आला की उत्तरं वर जातात. ती सकाळी टेकडीवर यायची, सगळं उतरवून घ्यायची, संध्याकाळी पुन्हा यायची. तिच्या उत्तरांवरची वेळ मी बघायचे. नेहमी सहा-सव्वासहा.

हे सॉफ्टवेअर ज्याने लिहायला घेतलं त्या मार्टिन डुगियामसचं लहानपण मी नंतर वाचलं. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या एका दूरच्या वस्तीत तो वाढला. शाळा भरायची ती रेडिओवर, तिला तिकडे ‘स्कूल ऑफ द एअर’ म्हणतात. अभ्यासाचे कागद विमानाने यायचे. मोठेपणी पर्थच्या कर्टिन विद्यापीठात वेबसीटी नावाची विकतची शिक्षणप्रणाली सांभाळण्याचं काम त्याच्याकडे आलं. तिच्यात काय चुकतंय ते दिसायचं, पण आत हात घालायची मुभा नव्हती. म्हणून त्याने स्वतःचं लिहायला घेतलं आणि 20 ऑगस्ट 2002 रोजी मूडल 1.0 बाहेर आलं. रेडिओसमोर बसलेला तो मुलगा आणि टेकडीवरची आमची मुलगी यांच्यामध्ये हजारो किलोमीटर आणि कित्येक वर्षं आहेत, तरी माझ्या मनात ती दोघं शेजारी बसलेली असतात.

मूडल जीपीएल परवान्याखाली आहे. कुणीही घ्यावं, वापरावं, आतलं वाचावं, बदलावं, पुढे द्यावं. बदललेलं पुढे वाटायचं असेल तर ते त्याच परवान्याने वाटावं. मराठीत यासाठी ‘मुक्त’ हा चांगला शब्द आहे, पण कॉलेजच्या बैठकीत तो टिकत नाही. मार्च 2024 मध्ये मी सर्व्हर वाढवण्यासाठी आणि वर्षातून दोनदा कामाचे दोन-दोन दिवस मिळण्यासाठी अर्ज केला. पहिलाच प्रश्न आला, “ते फुकट आहे ना, मॅडम? मग खर्च कशाचा?” विचारणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. फुकट मिळालेल्या गोष्टीची देखभाल विकत घेतलेल्या गोष्टीइतकीच करावी लागते, हे आपल्या हिशेबाच्या वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही मांडता आलं नाही. मी पाटाबद्दल बोलायला हवं होतं.

आमचं गाव पांझरेच्या काठचं. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर धुळे-नाशिककडे फड पद्धत आहे, तीन-चारशे वर्षं जुनी. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या आणि शेतांचे मोठे तुकडे म्हणजे फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक, मग शेत कुणाचंही असो. पाणी वाटायला पाटकरी, राखणीला जागल्या, सगळ्यांवर हवालदार. माझे आजोबा पाटकरी होते. पाणी त्यांच्या मालकीचं नव्हतं, बंधारा नव्हता, स्वतःची जमीनही फार नव्हती. तरी पाटावर कुणाचं शेत कधी भिजेल हे त्यांच्या फावड्यावर ठरायचं आणि त्यांचा शब्द मोडायला जमीनदारही धजायचा नाही. आजोबा सांगायचे, पाण्यावरून भांडण क्वचित व्हायचं, खरी खडाजंगी व्हायची ती गाळावरून. पावसाळा गेला की पाट गाळाने भरलेला असायचा. ज्याचं शेत पाटाच्या तोंडाशी, त्याला गाळाचा त्रास नाही, पाणी त्याला मिळतंच. शेपटाकडच्याला मिळत नाही. मग चावडीवर आजोबा एवढंच विचारायचे, “गाळ कोन काढी?” आणि घरटी एक माणूस येईपर्यंत पाणी सोडायचे नाहीत.

त्या फेब्रुवारीपासून मूडलचा कारभार आतून कसा चालतो ते मी वाचायला लागले. आधी वाटलं होतं, कुणीतरी हुशार लोक कुठेतरी बसून लिहीत असतील आणि आपल्याला देत असतील. प्रत्यक्षात हा कारभार पाटासारखाच निघाला. प्रत्येक चूक, प्रत्येक सुधारणा ट्रॅकर नावाच्या खुल्या नोंदवहीत एका क्रमांकाने नोंदवली जाते. ती कुणीही नोंदवावी. कुणीतरी ती अंगावर घेतो, दुरुस्ती लिहितो. मग दुसरा कुणीतरी ती वाचतो. त्यानंतर ती इंटिग्रेटर म्हणून नेमलेल्या मोजक्या माणसांपुढे जाते. ते पुन्हा वाचतात, अडलं तर परत पाठवतात, पटलं तर मुख्य कोडमध्ये घेतात. मग ती वेगळ्या माणसाकडून तपासून घेतात, चालली नाही तर घेतलेली बाहेर काढतात. हे दर आठवड्याला चालतं. आठवड्याच्या शेवटाकडे त्या आठवड्याची आवृत्ती बाहेर येते आणि पुढच्या आठवड्याला पुन्हा पहिल्यापासून. दर दोन महिन्यांनी डागडुजीची छोटी आवृत्ती, वर्षातून दोन मोठ्या. काही आवृत्त्यांना लांब मुदतीची राखण मिळते. आमची 3.9 तशी होती, नंतरच्या 4.1 आणि 4.5 याही तशाच.

या नोंदी वाचायची मला सवय लागली. एका नोंदीत कुणीतरी कळवलं होतं की गुणपत्रकात एका विशिष्ट मांडणीत शेवटचा दशांश चुकतो. त्याखाली महिनोन् महिने चाललेली बोलणी. एकाने दुरुस्ती केली, दुसऱ्याने दाखवलं की त्यामुळे जुन्या गुणांवर परिणाम होईल. तिसरा म्हणाला, जुने गुण एकदा जाहीर झाले, ते बदलायचा आपल्याला अधिकार नाही. संख्याशास्त्र शिकवणाऱ्या मला ही माणसं घरची वाटली. कुठल्यातरी अनोळखी मुलाचा अर्धा गुण चुकू नये म्हणून ती भांडत होती आणि ते त्या मुलाला कधीच कळणार नव्हतं.

फाइल उघडून बघण्याचं धाडसही तेव्हा केलं. मूडलच्या प्रत्येक फाइलच्या माथ्यावर तोच मजकूर असतो. हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, तुम्ही ते वाटू शकता, बदलू शकता. उपयोगी पडेल या आशेने आम्ही ते देतो आहोत, पण हमी कसलीही नाही. त्याखाली एक वर्ष आणि एक नाव. कुठे 2009, कुठे 2014, कुठे एखादं विद्यापीठ. ‘उपयोगी पडेल या आशेने’ हे शब्द कायद्याच्या कागदावर इतक्या साधेपणाने मी दुसरीकडे कुठे वाचलेले नाहीत.

हमी नसणं म्हणजे काय ते आमच्या थीमने दाखवलं. त्या मुलाने 2020 मध्ये एक बाहेरची थीम बसवली होती. रंग छान, मुलांना आवडायची. मूडलच्या मूळ गाभ्याभोवती अशा दोन हजारांच्या वर प्लगइन, म्हणजे वरून जोडायचे तुकडे, आहेत, बहुतेक एखाद्-दुसऱ्या माणसाने आपल्या गरजेपोटी लिहून सगळ्यांना देऊन टाकलेल्या. एप्रिल 2022 मध्ये 4.0 आलं, त्यात पानांची रचना आणि फिरण्याच्या वाटा पुष्कळ बदलल्या आणि कितीतरी थीम मागे पडल्या. आमची त्यातलीच. मी तिच्या लेखकाला पत्र लिहिलं. दोन दिवसांत उत्तर आलं, फार सभ्य. त्याची नोकरी बदलली होती, घरी लहान मूल होतं, आता वेळ मिळत नाही, कुणाला पुढे चालवायची असेल तर आनंदाने देईन. प्लगइनच्या यादीत अशांपुढे नवा सांभाळणारा हवा असल्याची खूण लावतात. मी ती यादी चाळली. एकेका नावामागे कितीतरी साइट आणि सांभाळायला कुणी नाही. त्या माणसावर रागावण्याचा मला काही अधिकार नव्हता. चार वर्षं त्याचं काम आमची मुलं वापरत होती आणि आमच्यातल्या कुणी त्याला एकदा आभाराचं पत्रही लिहिलेलं नव्हतं. मी त्या दिवशी लिहिलं.

हे सगळं कुणाच्या मालकीचं, हा प्रश्न माझे मित्र नेहमी विचारतात. तो रास्तच आहे. मूडल हे नाव ट्रेडमार्क आहे आणि ते मूडल बनवणाऱ्या पर्थच्या कंपनीकडे आहे. त्या नावाने सेवा विकायची तर कंपनीचा प्रमाणित भागीदार व्हावं लागतं आणि मिळकतीतला हिस्सा द्यावा लागतो. मूळ विकासाचा खर्च बरीच वर्षं मुख्यतः त्याच हिश्श्यावर निघाला. 2012 मध्ये ब्लॅकबोर्डने मूडलरूम्स आणि नेटस्पॉट हे दोन मोठे भागीदारच विकत घेतले. ब्लॅकबोर्ड म्हणजे तीच कंपनी जिच्याकडे 2006 मध्ये वेबसीटी गेलं होतं, म्हणजे डुगियामस ज्याला कंटाळून बाहेर पडला तेच. लोक धास्तावले. 2018 मध्ये ब्लॅकबोर्ड आणि मूडलची भागीदारी तुटली, तेव्हा एका मोठ्या झऱ्याचं पाणी आटलं. त्याच्या आदल्या वर्षी खेळाचं सामान विकणाऱ्या डेकॅथलॉनशी नातं असलेल्या फ्रान्सच्या लेक्लेर्क कुटुंबाच्या गुंतवणूक संस्थेने 60 लाख डॉलर घातले होते. 2015 मध्ये वापरकर्त्यांची संघटना निघाली. सभासदांनी वर्गणी भरायची आणि पुढे काय बांधायचं त्यावर मत द्यायचं. त्याच वर्षी मूडलच्याच कोडवर आपली प्रणाली उभारलेल्या टोटारा या मंडळींनी आपली वाट मूडलपासून वेगळी करत असल्याचं जाहीर केलं. परवान्याने त्यांना तो हक्क दिलेलाच होता.

विद्यापीठांचे अभ्यासक्रम ऑनलाइन देणाऱ्या एडएक्सचं उदाहरण याहून मोठं. एमआयटी आणि हार्वर्डने 2012 मध्ये ते ना-नफा म्हणून काढलं, 2013 मध्ये कोड खुला केला. आयआयटी मुंबईचं आयआयटीबॉम्बेएक्स याच ओपन एडएक्सवर उभं राहिलं. 2021 मध्ये एडएक्स टूयू या कंपनीला 80 कोटी डॉलरला विकलं गेलं. नाव गेलं, अभ्यासक्रम गेले, साइट गेली. कोडची राखण मात्र विकणाऱ्यांच्या ना-नफा संस्थेकडे राहिली, तिचं नाव आज ॲक्सिम कोलॅबोरेटिव्ह. तीन वर्षांत टूयूने दिवाळखोरीचा अर्ज केला. ओपन एडएक्सच्या आवृत्त्या त्याही वर्षी आल्या. त्यांना झाडांची नावं देतात, वर्णानुक्रमाने. बंधारा कुणीही विकत घेवो, पाटकरी जागेवर असला की पाणी चालू राहतं असं मला यातून दिसतं. पाटकऱ्याला त्याचा वाटा कोण देतं हे मात्र विचारत राहायला हवं. आजोबांना सुगीच्या वेळी प्रत्येक शेतातून धान्य मिळायचं. आमच्या कॉलेजने मूडलला 2020 ते 2024 काय दिलं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

मे 2024 च्या सुट्टीत आम्ही 4.1 वर गेलो. 3.9 वरून तिथे थेट जाता येतं. आम्ही म्हणजे मी आणि आमचे लॅब असिस्टंट. वयाने माझ्या मुलाएवढे, मी त्यांना भाऊ म्हणते, ते मला मॅडम. रात्री दहाला साइट देखभालीसाठी बंद केली. डेटाबेसचा बॅकअप सुरू झाला आणि मध्येच मेला. डिस्क भरली होती. रोज रात्री आपोआप होणारे कोर्सचे बॅकअप चार वर्षं साठत आले होते आणि किती ठेवायचे याची मर्यादा कुणी घातलीच नव्हती. भाऊंनी एकेक फोल्डर मोजायला घेतलं. मी जुन्या वर्षांचे बॅकअप आधी घरच्या हार्ड डिस्कवर उतरवले, मग तिथून काढले. बाहेर वीज गेली, इन्व्हर्टरवर आलो. पहाटे दोनला बॅकअप पूर्ण झाला, तीनला जुनी थीम काढून मूडलची स्वतःची लावली, साडेतीनला पडद्यावर एकेका भागाचं नाव आणि त्यापुढे यशस्वी झाल्याची खूण उमटायला लागली. त्या यादीतलं प्रत्येक नाव म्हणजे कुणीतरी सांभाळत असलेला एक तुकडा. यादी फार लांब होती. आम्ही दोघं काही न बोलता ती संपेपर्यंत बघत राहिलो.

त्यानंतर मी घरटी एक माणूस या हिशेबाने जायला लागले. कोड लिहिणं मला येत नाही. पण मोठी आवृत्ती येण्याआधी नवी भर थांबवतात आणि हाताने करायच्या शेकडो चाचण्या स्वयंसेवकांसाठी खुल्या करतात. शिक्षक म्हणून लॉगिन करा, अशी प्रश्नमंजुषा तयार करा, विद्यार्थी म्हणून सोडवा, हे असं दिसतं का ते सांगा. सप्टेंबर 2024 मध्ये 4.5 साठी मी अशा तीन चाचण्या केल्या. त्यातली एक वेळ संपल्यावर उत्तरं आपोआप सादर होतात का याची होती. मी घड्याळ लावून बसले होते.

दुसरं काम भाषेचं. मूडलचं मराठी भाषापॅक आहे. मूडलच्या भाषांतराच्या साधनात कुणीही एखादी ओळ सुचवू शकतं, ती त्या भाषेच्या सांभाळणाऱ्याकडे जाते आणि मान्य झाली की जगभरच्या मराठी साइटवर पोहोचते. मला छळत होती ती चाचणीच्या शेवटची पाटी. शब्द बरोबर होते, पण मुलांना कळायचे नाहीत, ती घाबरून मागे जायची. मी वर्गात विचारलं, ‘सादर करा’ बरं की ‘पाठवा’? एक मुलगा म्हणाला, “मॅडम, पाठवा म्हटलं की परत घेता येईल असं वाटतं. सादर म्हटलं की संपलं.” तेव्हा ‘सादर करा’च ठेवलं आणि त्याखालची ओळ सोपी करून सुचवली, यानंतर उत्तरं बदलता येणार नाहीत. एका ओळीत डॉलरच्या खुणेचा तो छोटा तुकडा असतो, तिथे सॉफ्टवेअर स्वतः आकडा भरतं. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने तो तुकडा कुठे ठेवावा यावर मी अख्खी दुपार घालवली. 1 आला तरी वाक्य नीट वाचलं जावं आणि 20 आले तरी.

आता एक वही केली आहे, दोनशे पानी, कडक पुठ्ठ्याची. बॅकअप कुठे, किती ठेवायचे. कुठली प्लगइन का बसवली आणि ती कोण सांभाळतं. ठरल्या वेळी आपोआप कामं उरकणारं क्रॉन थांबलं हे कसं ओळखायचं. नोंदणीचा ईमेल आता व्यक्तीच्या नावाचा नाही, विभागाच्या नावाचा आहे आणि तो दोघांच्या फोनवर येतो. आवृत्त्यांच्या तारखांचा तक्ता पहिल्याच पानावर चिकटवला आहे. येत्या वर्षी मी निवृत्त होते आहे. कॉलेजने यंदा दोन-दोन दिवसांची परवानगी लेखी दिली, तो कागदही वहीतच आहे.

4.1 ची राखण डिसेंबर 2025 पर्यंत होती. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत 4.5 वर जायचं ठरलं. या खेपेला भाऊ खुर्चीत बसले आणि मी मागे, स्टुलावर. पीएचपी आदल्या दिवशीच बदलून ठेवली होती. त्यांनी डिस्कची जागा बघितली, बॅकअप घेतला, तो दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिला, वहीत वेळ लिहिली. मग एका प्लगइनपाशी थांबले.

“मॅडम, ही कुणी सांभाळत नाही आता. खूण आहे पुढे. काढू का?”

“वापरतं का कुणी?”

त्यांनी बघितलं. वनस्पतिशास्त्राचे सर वापरत होते, एका कोर्सात.

“मग आज रात्री राहू द्या. उद्या सरांशी बोला.”

त्यांनी वहीत सरांचं नाव लिहिलं, खाली रेघ ओढली आणि पुढचं बटण दाबलं.